समुद्राखालची कांडी, कुलपतींचं टेबल

मी खडकाची कांडी बोलतेय. वीतभर लांब, मुठीत मावेल एवढी जाड. विद्यापीठात येताना वाटलं होतं, मुलं मला भिंगाखाली धरतील, माझ्यावरून भांडतील. मिळालं काय? काचेचं टेबल, आणि अंगाखाली सत्कारांची निमंत्रणं, वाऱ्याने उडू नयेत म्हणून. एसीच्या बंद खोलीत वारा कुठून येणार, कोणास ठाऊक!

माझा जन्म समुद्राच्या तळाखालचा. ड्रिलने मला वर काढलं, परदेशी प्रयोगशाळेत धुऊन, सुकवून, तपासून आणलं आणि दिगंबर नावाच्या तरुण भूशास्त्रज्ञाच्या हाती दिलं. माझ्या वाळूच्या कणांमध्ये तेल कसं साठतं, हे तो तेल कंपनीतल्या नव्या पोरांना तासन्‌तास दाखवायचा. एकाने मला तेलकट हाताने उचललं, तर केवढा ओरडला! "अरे, तेल पितो हा दगड! प्यायला की संपलं, पुन्हा वाचता येणार नाही."

मला तो माणूस फार आवडायचा.

मग बढत्या आल्या. दिगंबरचे दिगंबरसाहेब झाले, साहेबांचे संचालक. खडक सुटले, टेबल वाढत गेलं. निवृत्त झाल्यावर धायरीकडच्या एका खासगी विद्यापीठाने त्यांना कुलपती केलं. पहिल्या भाषणात मला उंच धरून ते म्हणाले, "ज्ञान खोलवरून काढावं लागतं." टाळ्या पडल्या. मी ते खरं मानलं.

स्पृहानेही मानलं. नॉर्वेत भूशास्त्र शिकून ती मुद्दाम इथे शिकवायला आली होती.

"सर, हिला एक दिवस वर्गात नेऊ? मुलांनी असा नमुना कधी पाहिलेलाच नाही."

"अगं, माझी आठवण आहे ती. पुस्तकात चित्रं आहेत ना? पुढच्या महिन्यात बघू."

बाहेर त्यांच्या सचिव विजयमालाबाई म्हणाल्या, "नॉर्वेतले दगड संपले वाटतं, मॅडम?"

ती दर महिन्याला येत राहिली. पुढचा महिना काही आला नाही.

खंडेनवमीला कचेरीत पूजा झाली. संगणकांना हळदकुंकू, प्रिंटरला हार. मलाही पाटावर बसवलं. फोटोग्राफर म्हणाला, "सर, तेलातली माणसं तुम्ही. थोडं तेल वाहा की हिच्यावर, फोटो झकास येईल."

दारात उभी असलेली स्पृहा ओरडली, "सर, नको!"

सरांनी कॅमेऱ्याकडे बघत अख्खी वाटी ओतली. त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं. मी प्यायले, दुसरं काय करणार?

दसऱ्याची सुट्टी संपली त्या सकाळी स्पृहा आली आणि तिने मला ओढणीत गुंडाळलं.

"सर आले नाहीत अजून," विजयमालाबाई म्हणाल्या.

"मी विचारायला नाही आले."

"मग त्यांना काय सांगू?"

"सांगा, मधोमध कापायला नेली. आतून कोरडी असेल अजून. आजच्या तासाला मुलं बघतील."

काप, बाई. बिनधास्त काप.