आधी कुणाला न्यायचं

सरकारी दवाखान्याची अँब्युलन्स ती चालवायची, म्हणून सगळे तिला गाडीवाली म्हणत. नवरा वायरमन, स्वतःचं दुकान असलेला, तरी लोक त्याला ‘गाडीवालीचा नवरा’ म्हणूनच ओळखायचे. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. कुणाच्या घरी पंखा बसवताना शिडीवरूनच सांगायचा, की आमच्या घरात वेग तिच्याकडे आणि करंट माझ्याकडे.

तिचे सासरे चर्चची घंटा वाजवायचे. अंगणाची झाडलोट, दिवे, कुलपं, सगळं तेच बघायचे. घंटाघराच्या अरुंद जिन्यावरून म्हातारा रोज दोन वेळा चढउतार करायचा, आणि कुणी हात धरायला गेलं तर हात झटकून टाकायचा.

चर्चच्या मागच्या अंगाला एक जुनी दगडी भिंत होती. भिंतीपलीकडे गल्ली. गल्लीतल्या लोकांना मोठ्या रस्त्यावर यायचं तर लांबून वळसा पडायचा. भिंत मुळात आमच्या वाटेवर बांधलीय, असं त्यांचं म्हणणं. चर्चला ते मान्य नव्हतं. भांडण कोर्टात पडलं होतं आणि कोर्टात पडलं म्हणजे पडूनच होतं. शेवटी एका शनिवारी दुपारी गल्लीतल्या वेल्डरचं डोकं फिरलं. दहाबारा जण घण आणि पहारी घेऊन आले आणि त्यांनी भिंतीला हात घातला.

सासरे धावत गेले. वेल्डरच्या समोर हात पसरून उभे राहिले. वेल्डरने त्यांना एका हाताने बाजूला लोटलं. दगडांच्या ढिगावर ते असे आपटले, की मांडीचं हाड मोडल्याचा आवाज शेजारच्यांनीही ऐकला. वेल्डरने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पुन्हा घण उचलला, घातला, आणि वरची अर्धी भिंत त्याच्याच छातीवर आली. बाकीचे पळाले.

गाडीवाली पोचली तेव्हा चर्चच्या अंगणात ही गर्दी. तिच्या गाडीवरचा मदतनीस गळ्यात कायम छाती तपासायची नळी अडकवून हिंडायचा, चहाच्या टपरीवरसुद्धा, म्हणून त्याला सगळे थट्टेने डॉक्टर म्हणत. पण काम त्याला येत होतं. त्याने दोघांना हात लावून पाहिला आणि तिच्या कानाशी येऊन म्हणाला, की म्हातारबाबा टिकतील, याचा मात्र श्वास जातोय.

गाडीत स्ट्रेचर एकच. मोडक्या मांडीने सासऱ्यांना बसवून नेता येत नव्हतं. दवाखान्याची दुसरी गाडी गॅरेजमध्ये उघडी पडली होती.

ती सासऱ्यांजवळ गुडघ्यांवर बसली. त्यांचं पाऊल हातात घेतलं. गरम होतं. घोट्यापाशी नाडी लागत होती. ती म्हणाली, “बाबा, मी लगेच परत येते. तुम्ही हलू नका, कुणाला हलवू देऊ नका.” त्यांनी तिची बाही घट्ट पकडली. तिने त्यांची बोटं एकेक करून सोडवली. आयुष्यात कुठलंही काम करताना तिचे हात इतके जड झाले नव्हते.

वेल्डरला गाडीत चढवून ती दाराकडे वळली, तर समोर नवरा. दुकानातून पळत आलेला, हातात अजून पकड.

“बाबांना घे आधी.”

“त्याला श्वास घेता येत नाहीये. बाबांना येतोय.”

“त्यानेच पाडलंय बाबांना.”

“माहीत आहे मला. बाजूला हो.”

तो हलला नाही. तिने इंजिन चालू केलं आणि काचेतून त्याच्याकडे बघत राहिली. मग तो बाजूला झाला, पण असा, की जणू तिला आता ओळखतच नाही.

वाटेत वेल्डर शुद्धीवर होता. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, ओठ निळे. मास्कखालून तो तुटक तुटक बोलला, की म्हाताऱ्याला मी ढकललं, लागलं का त्याला? मधली खिडकी उघडी होती, तिने ऐकलं. तोंड उघडलं असतं तर त्यातून काय बाहेर पडलं असतं याची तिला खात्री नव्हती, म्हणून ती मनातल्या मनात प्रार्थना करत राहिली. आणि त्या प्रार्थनेतही निम्मा रागच होता.

वेल्डरला दवाखान्यात उतरवून ती परत निघाली तर पुलापाशी पाण्याचा मोठा पाइप फुटून रस्ता तुंबलेला. सायरनचा घसा बसायची वेळ आली. ती चर्चपाशी पोचली तेव्हा अंगण रिकामं होतं. मंडळींना धीर निघाला नव्हता. त्यांनी सासऱ्यांना एका मालवाहू टेम्पोत घातलं होतं आणि दुसऱ्या रस्त्याने, खड्ड्याखड्ड्यांतून, दवाखान्यात नेलं होतं.

ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण आखूड झाला. आता घंटाघराचा जिना बंद. हाडांच्या सर्जनने तिला बाजूला घेऊन सांगितलं, की मोडल्या जागी हाड जिथल्या तिथे राहिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. टेम्पोच्या हादऱ्यांनी ते सरकलं आणि आतलं मांस फाडत गेलं. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नाही. टेम्पोत सासऱ्यांना उचलून ठेवणारे हात प्रेमाचेच होते, आणि त्यांतले दोन तिच्या नवऱ्याचे होते.

बोलणारे मात्र बोलत सुटले. अँब्युलन्सचा सायलेन्सर ती त्याच वेल्डरकडून जोडून घ्यायची, म्हणजे ओळख जुनी. गल्लीवाल्यांनी तिला फितवलं. सख्ख्या सासऱ्याला धुळीत टाकून गेली, आणि परक्याला, तेही हल्लेखोराला, मानाने घेऊन गेली. ती नळावर गेली की बायका हंडा अर्धा भरलेला असतानाच निघायच्या. नवरा दवाखान्यात बापाच्या उशाशी राहायला गेला. घरी यायचा तो कपडे बदलायला, आणि ‘चावी कुठे आहे’ यापलीकडे शब्द काढायचा नाही.

ती रोज डबा घेऊन सासऱ्यांकडे जायची. चौथ्या की पाचव्या दिवशी म्हातारा बोलला. म्हणाला, “तुझ्यावर मी रागावलोय. तू माझी बोटं सोडवलीस.” ती म्हणाली, की हो, मला माफ करा. त्यांनी डब्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “राग आहे म्हणून डबा परत नेऊ नकोस. भूक लागलीय.” तिने त्यांना भरवलं. दोघंही एकमेकांकडे न बघता.

रविवारी उपासनेनंतर तिला थांबवून घेतलं. चर्चच्या कमिटीत निवृत्त हेडमास्तरांचा शब्द शेवटचा असायचा. सज्जन माणूस, पण प्रत्येक गोष्टीचा निकाल लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते म्हणाले, की चर्चची सगळी मंडळी दुखावलीय, तू सगळ्यांसमोर उभी राहून चुकलं म्हण, विषय संपेल. तोवर उपासनेतलं शास्त्रवाचन तू करायचं नाहीस. चर्चचे पाळकसाहेब शेजारीच उभे होते. ते हातातली चष्म्याची पेटी उघडत मिटत राहिले.

ती म्हणाली, की पुढच्या रविवारी बोलते.

पुढच्या रविवारी चर्च गच्च भरलं. एरवी नाताळलाही जे उगवत नाहीत तेही आले होते. उपासना संपल्यावर ती उठून पुढे गेली. वेदीपाशी न जाता बाकांच्या मधोमध उभी राहिली, म्हणजे कुणालाही मान वळवल्याशिवाय तिला टाळता येईना.

“बाबांच्या पायाचं दुःख मला तुमच्याइतकंच आहे,” ती म्हणाली. “रात्री झोप येत नाही. त्यांची मी माफी मागितलीय, बोटं सोडवली म्हणून. पण त्या माणसाला आधी नेलं याची माफी मी मागणार नाही. इथे बसून आपण वैऱ्यासाठी प्रार्थना करतो. मी ती प्रार्थना लहानपणापासून केलीय. त्या दुपारी वैरी माझ्यासमोर पडला होता आणि त्याचा श्वास जात होता. तेव्हा मी काय करायला हवं होतं? प्रार्थना खरी नव्हती, असं म्हणायचं होतं? तुम्ही मला वाचनातून काढा, हवं तर दारातून काढा. उद्या तशीच वेळ आली तर मी तशीच गाडी चालवीन. आणि पुढच्या रविवारी इथेच येऊन बसेन. हे घर माझ्या प्रभूचं आहे, कमिटीचं नाही.”

ती चालत बाहेर गेली. बाहेर येऊन गाडीच्या पायरीवर बसली.

इकडे ही तऱ्हा, तर तिकडे वेगळीच. वेल्डर अतिदक्षता विभागातून बाहेर आला आणि त्याचा भाऊ फळांची पिशवी घेऊन तिच्या दारात. आधी पाया पडायला वाकला. मग खुर्चीवर बसला आणि हळूच मुद्द्यावर आला. पोलिस तिचा जबाब घेणार होते. भिंत जुनी होती, आपोआप पडली, आणि गाडीत आमचा भाऊ काहीच बोलला नाही, एवढंच तिने सांगावं. तो म्हणाला, “तुम्ही आमच्या बाजूच्या आहात, हे सगळ्या गल्लीला कळलंय.”

“मी तुमच्या भावाचा जीव वाचवला,” ती म्हणाली. “तुमचं खोटं वाचवायचं काम माझ्याकडे नाही. पिशवी घेऊन जा.”

पोलिसांना तिने जे ऐकलं ते सगळं सांगितलं. म्हाताऱ्याला मी ढकललं असं तो म्हणाला, हेही, आणि लागलं का त्याला असं त्याने विचारलं, हेही. झालं. गल्लीला पहिलं वाक्य झोंबलं आणि मंडळीला दुसरं. हल्लेखोराला हळवा ठरवते, असं चर्चमध्ये म्हणू लागले. गल्लीत म्हणाले, वाचवलं ते कबुली काढायलाच. दोन दिवसांनी दवाखान्याच्या आवारात उभ्या असलेल्या अँब्युलन्सची पुढची काच कुणीतरी फोडली. काच नवी बसेपर्यंत तिने जुन्या काचेच्या तड्यांतून बघत गाडी चालवली. डॉक्टर म्हणाला, की बाई, आता तरी कुणा एकाची बाजू घ्या, निदान एका बाजूने तरी दगड यायचे थांबतील. ती खूप दिवसांनी हसली.

मग एक दिवस भर दुपारी त्याच गल्लीतून फोन आला. एक म्हातारी, छातीत दुखतंय, दम लागलाय. डॉक्टरने फोन ऐकला आणि गळ्यातली नळी काढून टेबलावर ठेवली. घरी लहान मुलं आहेत, त्या गल्लीत मी येणार नाही, असं त्याने सरळ सांगितलं. तिने चावी उचलली. एकटीच गाडीत बसली.

दवाखान्याच्या फाटकापाशी गाडीचं पलीकडचं दार उघडलं आणि नवरा आत चढला. बापाचं औषध आणायला तो खाली आला होता, तेव्हा डॉक्टरचा नकार त्याने ऐकला होता; औषध अजून त्याच्या हातात होतं. दार लावून घेऊन म्हणाला, “चल.”

गाडी बाहेर पडली. एक वळण झाल्यावर तो बोलला. “बाबांचा पाय टेम्पोत गेला. सर्जनने मलाही सांगितलं, पहिल्याच दिवशी. तू ते बोलली नाहीस. इतके लोक तुला फाडून खात होते, तरी नाही. आणि मी ऐकत बसलो.”

तिला गिअर बदलायचा होता, तो बदलायचा राहिला. इंजिन कण्हायला लागलं. ती एवढंच म्हणाली, “तुला कुणी सांगावं असं मला वाटत नव्हतं.”

“त्या माणसाला आधी नेलंस, ते मला अजून पटलेलं नाही,” तो म्हणाला. “खोटं कशाला बोलू? पण तू एकटी त्या गल्लीत जाणार नाहीस.”

गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी हातगाडी आडवी लावून ठेवली होती. पलीकडे पाचसहा पुरुष, त्यांत तो भाऊ. तिने हॉर्न दिला. कुणी हललं नाही. ती खाली उतरली, हातगाडीपर्यंत चालत गेली.

“आत एक बाई दम घेता येत नाही म्हणून पडलीय,” ती म्हणाली. “माझ्या जबाबातला एक शब्द मी बदलणार नाही, आणि तिला घेतल्याशिवाय इथून जाणार नाही. काय ते ठरवा. पण पटकन ठरवा, तिच्याकडे वेळ नाही.”

भाऊ पुढे आला. तेवढ्यात मागच्या एका दारातून वेल्डर बाहेर आला, छातीला पट्टा बांधलेला, भिंतीला धरून चालणारा. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. एका हाताने हातगाडीचा दांडा धरला आणि ओढायला लागला. ताकद नव्हती, गाडी तसूभर सरकली. वेदनेने त्याचा चेहरा पांढरा पडला. मग दुसऱ्या एकाने दांडा धरला. भाऊ मात्र हाताची घडी घालून तसाच उभा राहिला.

म्हातारीला तिने आणि नवऱ्याने मिळून बाहेर आणलं. म्हातारीची सून सोबत चढली. नवऱ्याने मागे बसून मास्क धरला; ऑक्सिजनची चावी कुठल्या बाजूला फिरवायची हे तिने त्याला खिडकीतून सांगितलं. वायरमन तो, एकदा सांगितलं की पुरे.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर म्हातारीला जरा हुशारी आली. तिने मास्क बाजूला सारला आणि खिडकीतून पुढे बघत विचारलं, की तू तीच ना गं, चर्चवाली?

“हो, तीच.”

“मग सावकाश चालव. माझी हाडं जुनी आहेत.”

“सावकाश नाही चालवणार, आजी,” गाडीवाली म्हणाली आणि सायरन लावला. “घट्ट धरून बसा.”