टक्कल पडलेला स्पोरन

"लॉकी, अरे तो स्पोरन आत घे! चिमणी केस उपटतेय त्याचे!" माझी बायको डोलिना स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली.

"घेतो," मी म्हणालो, आणि खुर्चीतून हललो नाही.

दर वर्षी जूनच्या शेवटी डांबरगोळ्यांचा वास घालवायला किल्टचा चौकडीचा घागरा, शाल, लोकरी मोजे आणि स्पोरन मागच्या अंगणातल्या दोरीवर टांगले जातात. या दिवसांत आमच्या गावात कुणाच्याही घरामागे डोकावा, हेच दिसेल. जुलैच्या शेवटच्या शनिवारी हायलंड खेळ, म्हणजे आमच्या स्कॉटिश पूर्वजांची जत्रा असते, त्यात बँडची स्पर्धा असते, आणि डांबरगोळ्यांचा वास मारणाऱ्या माणसाशेजारी बँडमध्ये कुणी उभं राहायला तयार नसतं. किल्ट संध्याकाळी आत गेला. स्पोरन मात्र या वर्षी बाहेरच राहिला.

किल्टवर कमरेला पुढे बांधायची थैली एवढंच म्हणून सोडून द्यावा असा हा स्पोरन नाही. माझ्या आजोबांनी तो त्यांच्या पांढऱ्या घोडीच्या, बेसच्या, शेपटीचे केस लावून करून घेतला होता. मी खुर्ची टाकून बसतो ती जमीन बेसनेच नांगरलेली. गुडघ्यापर्यंत लोंबणारे पांढरे केस आणि त्यावर दोन काळे गोंडे. चालताना तो डावी-उजवीकडे झुलू लागला की मागचा अख्खा बँड त्याच्यावर पाय मिळवायचा. सेहेचाळीस वर्षं तो बांधून मी पहिल्या रांगेत बॅगपाइप वाजवले.

आणि आता मुठीत मावेल एवढी एक लाल टोपीची चिमणी त्यातला एक केस चोचीत धरून, पाय रोवून ओढत होती. केस सुटला तशी ती मागे कोलमडली, सावरली आणि सीडरच्या झाडात दिसेनाशी झाली. ही जात घरट्याला आतून केसांचं अस्तर लावते. पूर्वी हे केस तबेल्यापाशी हवे तेवढे मिळत. आता गावात घोडे कुठे राहिलेत?

मी वहीत लिहिलं : सात वाजून दहा मिनिटं, तिसरा केस.

ही वही मे महिन्यात सुरू झाली. एकतीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या माणसाला सकाळी स्वस्थ बसवत नाही. निवृत्त झाल्यावरही माझं बरं चाललं होतं, कारण सकाळी कोठारात जाऊन तासभर पाइप वाजवायचो. या मेपासून कोठाराची कडी काढायला हातच जाईना. मग अंगणात खुर्ची टाकली. घेवड्याचे शेंडे खाऊन माजलेला, घुशीसारखा गुबगुबीत ग्राउंडहॉग, दोन ससे, विजेच्या खांबावर उगाच ठोकत बसणारा सुतारपक्षी, सगळ्यांच्या वेळा लिहू लागलो. दर पाच मिनिटांनी उठायचो, कुंपणापर्यंत जायचो, परत यायचो.

"तुझ्यापेक्षा तो ग्राउंडहॉग बरा," डोलिना म्हणायची, "निदान खायला तरी एका जागी बसतो."

कारण सांगूनच टाकतो. मेमध्ये आमच्या जुन्या पोस्टमास्तरांच्या दफनाला मी एकटा वाजवत होतो. धून निम्मीही झाली नव्हती आणि छातीतली हवा संपली. पाइप रेड्यासारखे रेकले आणि गप्प झाले. लोकांना वाटलं, मला रडू फुटलं. मीही तसं वाटू दिलं. शहरातल्या डॉक्टरने छातीचे फोटो काढले, फुप्फुसं झिजली आहेत म्हणाला, पाइपला आता हात लावायचा नाही म्हणाला. घरी येऊन मी डोलिनाला सांगितलं, ब्लडप्रेशर जरा जास्त आहे.

बँडला काय सांगायचं, हे मात्र ठरेना. दर बुधवारी सरावाला न जाण्याचं नवं कारण शोधायचं आणि मग रात्रीपर्यंत घरात येरझाऱ्या घालायच्या. गुडघा दुखतो, गाडी बिघडली, पाहुणे आलेत. शेवटी गुडघाही डावा की उजवा ते माझ्या लक्षात राहीना.

दुसऱ्या आठवड्यात खार आली. चिमणी बिचारी एकेक केस नेत होती, या लाल भवानीने दरोडाच घातला. स्पोरनवर चढून दोन्ही हातांनी झुपकेच्या झुपके उपटून तोंडात कोंबले. मी उठलो, पायातला बूट काढला, मारायला हातही उचलला. आणि तेवढ्यात ते डोक्यात आलं.

पोशाख पुरा नसेल तर माणूस रांगेत उभा राहणार नाही, हा नियम आमच्या बँडला मीच लावलेला. मी प्रमुख होतो तेव्हाची गोष्ट. जॅकेटचं एक बटण तुटलं म्हणून चौदा वर्षांच्या सॉर्लीला मी भर मैदानातून, त्याच्या आईबापांच्या देखत घरी पाठवलं होतं. आमच्या गावात निम्म्या लोकांचं आडनाव एकच, त्यामुळे टोपणनाव एकदा चिकटलं की थडग्यापर्यंत जातं. मी बसवाला लॉकी. सॉर्ली आज पन्नाशीला आलाय, माझ्यानंतर बँडचा प्रमुख झालाय, तरी गावाला तो अजून 'बटण'च.

मग स्पोरनला टक्कल पडलं तर मला रांगेत कोण उभं करणार? श्वासाचा विषयच निघणार नाही. मी बूट परत पायात घातला. एवढंच नाही, दुसऱ्या दिवशी दोरीचं टोक झाडाजवळ सरकवलं. पाऊस आला की डोलिना स्पोरन ओसरीत आणायची, आणि ऊन पडलं की मी तो पुन्हा बाहेर टांगायचो. हे काही मी वहीत लिहिलं नाही.

खेळांच्या आधीच्या गुरुवारी सॉर्लीचा ट्रक दारात आला.

"काय मास्तर, गुडघा काय म्हणतोय? शनिवारी नऊला मैदानावर."

मी दोरीकडे बोट दाखवलं. स्पोरनच्या मधोमध तळहाताएवढं टक्कल पडलं होतं आणि एक गोंडा गायब होता.

"अरे देवा! हे कुणी केलं?"

"चिमणीने. मग खारीने."

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"इथेच. लक्ष नव्हतं."

चहा घेऊन आलेल्या डोलिनाने मोठ्याने घसा खाकरला.

"नियम तो नियम, सॉर्ली," मी घाईघाईने म्हणालो. "तुला बटणासाठी घरी पाठवलं, मग मला कसं सोडायचं? या वर्षी मला वगळ."

सॉर्लीने स्पोरन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग ट्रककडे गेला आणि स्वतःचा स्पोरन घेऊन आला. चांगला नवा, एक केस इकडचा तिकडे नाही.

"हा घ्या. मी कुणाचा तरी उसना बांधीन. तुम्ही पुढे नसलात तर आम्ही पाय कुणावर मिळवायचे?"

मी तो हातात धरून उभा राहिलो. खोटं पुढे रेटायला आणखी एकच वाक्य हवं होतं, आणि ते काही सापडेना.

"श्वास पुरत नाही रे," मी म्हणालो. "एक धूनसुद्धा पुरी होत नाही."

"म्हणजे त्या दफनाला..."

"रडलो नव्हतो. हवा संपली होती."

"एप्रिलपासूनच कोठारातलं वाजवणं मध्येच थांबायला लागलं होतं," डोलिना कप ठेवत म्हणाली. "मला काय कान नाहीत? ब्लडप्रेशर म्हणे! सेहेचाळीस वर्षं ऐकतेय तुला. एवढं माझ्याशीसुद्धा बोलता आलं नाही, याचं वाईट वाटलं मला."

मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. सॉर्लीने माझं सांत्वन वगैरे केलं नाही. त्याने चहा संपवला आणि तोंड पुसलं.

"तुम्ही मला घरी जा म्हणालात ना, तेव्हा मी गेलो नव्हतो," तो म्हणाला. "कुंपणाबाहेर उभा राहून शेवटपर्यंत ऐकलं. तुम्हीही घरी बसू नका. या."

मग त्याने आपला स्पोरन माझ्या हातातून काढून घेतला आणि माझा उचलला. "हा नेऊ?"

"दोन दिवसांत केस कुठून लावून आणणार आहेस?"

"बघतो."

शुक्रवारी मी पहिल्यांदा सीडरच्या फांद्या बाजूला करून आत पाहिलं. वाटीएवढं घरटं, आतून पांढरंशुभ्र, आणि त्यात चोची वासून तीन पिल्लं. बेसचे केस. मी फांद्या हळूच सोडून दिल्या.

शनिवारी मला जायचं नव्हतं. डोलिनाने गाडी चालू करून भोंगा वाजवत ठेवला, तेव्हा कुठे निघालो. साध्या पँटीत, डोक्याला उन्हाची टोपी, कुंपणाच्या बाहेर. ओळखीचा जो तो विचारायचा, "बसवाल्या, इकडे कुठे?" मी कधी लेमोनेड आणायला जायचो, कधी हातोडाफेक बघायला, कधी गाडीचं दार नीट लागलंय का ते पाहायला. डोलिनाने शेवटी माझी बाही धरून ठेवली.

मग ढोलांवर पहिल्या टिपऱ्या पडल्या आणि फाटकातून आमचा बँड आत आला. सर्वांत पुढे सॉर्ली. इस्त्रीचं जॅकेट, झळझळीत बटणं, सगळी जागच्या जागी. आणि कमरेला माझा स्पोरन. एकही केस लावलेला नव्हता. भर उन्हात, परीक्षकांच्या समोर, ते तळहाताएवढं टक्कल आणि तो एकटा काळा गोंडा.

"अरे, बटणाला टक्कल पडलं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं, आणि लोक खो खो हसले.

सॉर्लीची मान हलली नाही. स्पोरन डावीकडे गेला, उजवीकडे गेला, आणि मागच्या बावीस जणांचे पाय त्याच्याबरोबर पडत गेले. कुंपणाशी उभ्या परीक्षकाने कागदावर काहीतरी टिपलं. गुण कापले असणार. मी त्या जागी असतो तर मीही कापले असते.

"दमला असशील. सावलीत बसायचं का?" डोलिनाने विचारलं.

"नको," मी म्हणालो. मी डोक्यावरची टोपी काढली, आणि शेवटचा ढोलवाला मैदानाच्या पलीकडच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत तिथून हललो नाही.