सैल खुर्ची

सुताराने खुर्ची उलटी केली आणि सीटखालचा स्क्रू बोटाने हलवून पाहिला. पुन्हा ढिला. सलग सहाव्या गुरुवारी. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीस वर्षांत त्याने बसवलेला एकही सांधा आठवड्याभरात असा कुरकुरला नव्हता, पिऊन बसवलेलासुद्धा.

आज मात्र तो तयारीने आला होता. पेटीत लांब स्क्रू होते आणि लाकूड चिकटवायचा डिंक.

"आज हिचा निकालच लावतो," तो म्हणाला.

"लावा की," चहाचं आधण ठेवत सिस्टर म्हणाल्या.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. दारू सोडून त्यांना अकरा वर्षं झाली होती. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला, वाचनालयामागच्या या खोलीत, दारू सोडू पाहणारी माणसं गोल करून बसत. खुर्च्या डगमगतात, गुरुवारी सहाला या, असा फोन सिस्टरनीच केला होता. सुतार आला तर सभा सुरू. तो चपापून परत फिरला, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "तुम्ही तुमचं काम करा. इथं कुणाला हाताला धरून बसवत नाहीत."

तेव्हापासून तो खुर्चीखाली आडवा पडून ऐकत होता. बसचा ड्रायव्हर एकदा लेकीच्या शाळेतल्या कार्यक्रमात खुर्चीवरून घसरल्याचं सांगत होता. सगळे हसले आणि मग तो रडला. सुताराने त्या दिवशी एकच स्क्रू अर्धा तास पिळला.

गुरुवारी हात थरथरून चालणार नाही, म्हणून तो आधी नुसता बुधवारी पीत नसे. मग मंगळवार सुटला. मागच्या गुरुवारपासून तर थेंब घेतला नव्हता. घरी यातलं काही बोलला नव्हता. वर्षापूर्वी त्याने पिऊन करवतीच्या मशीनवर बोटाचं पेर घालवलं, तेव्हापासून त्या मशीनच्या कुलपाची किल्ली बायकोच्या गळ्यात होती. ती रोज विचारायची ते एवढंच, "झाल्या का खुर्च्या?"

आज होणार होत्या. डिंक लागला की ही खुर्ची पुन्हा हलणार नव्हती आणि गुरुवारी इथं यायला कारण उरणार नव्हतं. त्या विचाराने त्याला खरंच भीती वाटली. सहा वाजता मोकळा झालेला माणूस कुठे जातो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

डिंकाचं झाकण उघडून तो खुर्चीखाली सरकला. जुना स्क्रू काढायला बॅटरी जवळ धरली आणि थांबला. स्क्रूच्या खाचेत एकाच बाजूला पितळ ताजं खरवडलेलं होतं. दुसरी बाजू कोरी. शेजारच्या स्क्रूवरही तेच. स्क्रू आपोआप सैल झाला नव्हता, कुणीतरी सोडवला होता. टोकाचा एक कोपरा उडालेल्या पेचकसाने.

तसा पेचकस त्याने आयुष्यात एकच पाहिला होता. त्याचा स्वतःचा. दोन महिन्यांपूर्वी तो पेटीतून गेला होता. पिऊन कुठेतरी विसरलो असेन, असं तो म्हणाला होता आणि बायको काहीच बोलली नव्हती.

तो खुर्चीखालून बाहेर सरकला.

"सिस्टर, काल इथं कोण बसलं होतं?"

"बुधवारी घरच्यांची सभा असते. पिणाऱ्यांच्या घरच्यांची."

"या खुर्चीवर?"

सिस्टरनी कपबशा मांडायचं काम सोडलं नाही. "इथलं नाव बाहेर सांगायचं नसतं," त्या म्हणाल्या. "पण सगळ्यांच्या मागून निघते एक जण. खुर्च्या लावून जाते म्हणते."

सुताराने डिंकाचं झाकण घट्ट लावलं. खुर्ची सरळ केली आणि एव्हाना जमलेल्या गोलात ओढून तिच्यावर बसला. खुर्ची डुगडुगली.

"अहो, पडाल," ड्रायव्हर म्हणाला.

"पडलोय कधीचाच." त्याने हात मांड्यांखाली दाबून धरले. "मी सुतार. सहा गुरुवार म्हणतोय, खुर्ची दुरुस्त करायला आलो. मी पितो. म्हणजे, आठवडा झाला घेतली नाही." मग तो एकेक शब्द जुळवत बोटाचं सांगू लागला. कुणी घाई केली नाही.

घरी पोचला तेव्हा बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"झाल्या का खुर्च्या?"

"एक राहिलीय. पुढच्या गुरुवारी जाईन." त्याने पेटी कोपऱ्यात ठेवली. "पेटी नाही नेणार."

तिचे हात चादरीवर थांबले.

"आणि तो पेचकस जरा जपून वापरत जा," तो हळूच म्हणाला. "त्याचा कोपरा उडालाय. हाताला लागेल."

"लागलाय एकदा," ती म्हणाली, आणि चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली.