एकेरी

चष्मेवाल्यांच्या बायकोने आजवर आपल्या नवऱ्याला बुडवून, ढकलून, विष घालून आणि एकदा तर पियानोखाली चिरडून मारलं होतं. अर्थात पुस्तकांत. रहस्यकथा लिहायची म्हणजे कुणीतरी मरायला हवं, आणि मरणारा माणूस वाचकाला खरा वाटायला हवा. घरात खरा माणूस एकच होता, मग करणार काय बिचारी! धाकटा दीर तिला कर्दनकाळ म्हणायचा आणि पुढे सगळं घरच म्हणायला लागलं.

यंदाची कादंबरी घनदाट जंगलातल्या एका भारी रिसॉर्टमध्ये घडत होती. काचेच्या भिंतींची लाकडी घरं, प्रत्येक घराच्या डेकवर आंघोळीचा टब, हळू आवाजात बोलणारे नोकर, आणि मोबाईलला रेंज नाही म्हणून जास्त भाडं! नदीवर एकच पूल, तो पहिल्याच प्रकरणात कोसळलेला. पाहुण्यांत एक नट, एक डॉक्टर आणि एक निवृत्त न्यायाधीश. रिसॉर्टचा मालकही तिथेच मुक्कामाला. न्यायाधीशांचा मुडदा तिसऱ्या प्रकरणात पडायचा होता.

आठवं प्रकरण झालं तरी पठ्ठ्या जिवंत! सगळे आपले जेवताहेत, पक्षी बघताहेत, गप्पा मारताहेत. प्रकाशक फोनवर कळवळून म्हणाला, "ताई, हे जंगलाचं प्रवासवर्णन झालंय हो. कुणाला तरी मारा!"

मारणार कशी? चष्मेवाल्यांच्या हृदयाची झडप निकामी झाली होती आणि येत्या आठवड्यात ती बदलायची होती. डॉक्टरांनी धीर दिला होता, पण धोका आहे हेही लपवलं नव्हतं. तेव्हापासून ती लिहायला बसली की बोटं गारठायची. आपण लिहावं आणि तेच खरं व्हावं, म्हणजे? असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण भीतीला कुठे विश्वास लागतो!

त्या दिवशी ती बाजारातून आली तर चष्मेवाले जेवणाच्या टेबलावर तिची पानं पसरून बसलेले. चष्मा उजेडात धरून पुसला, नाकावर चढवला आणि तिच्यावर रोखला.

"काय गं, मी अजून मेलो कसा नाही?"

"शुभ बोला जरा! आणि तुम्ही कुठे आहात त्यात? तो न्यायाधीश आहे."

"हो का? मग ऐक." ते पानं उलटून वाचायला लागले. "मालक आला. डॉक्टर बसला. नट हसला. आणि न्यायाधीश? न्यायाधीश आले. न्यायाधीश बसले. न्यायाधीश हसले!"

"वयाचा मान असतो हो."

"कसला डोंबलाचा मान! मागच्या पुस्तकात तो स्मगलर होता ना? त्यात पोलीस धावला आणि स्मगलर पळाले! चोराला आदरार्थी बहुवचन जगात फक्त तूच देतेस. दुसऱ्या पानावरच मला कळतं कोण मरणार ते. ज्याला अहो-जाहो, त्याचं मढं ठरलेलं."

ती मटकन खुर्चीत बसली. इतकी वर्षं हा माणूस मरणारा अचूक ओळखायचा आणि तिला वाटायचं, काय डोकं आहे! आधी तिला हसू फुटलं, मग हसता हसता डोळे भरून आले.

"तुम्हाला अरे-तुरे करायला माझा हात नाही धजत," ती म्हणाली. "आणि या वेळी मारायलाही नाही. मला भीती वाटते हो. फार भीती वाटते."

चष्मेवाले उठले, धाप लागली म्हणून टेबलाला टेकले, आणि तसेच तिच्या शेजारी येऊन बसले. "मलाही वाटते," ते म्हणाले. "पण तू लिहायची थांबलीस की मला वाटतं, माझा निकाल लागलाच. तू मला खुशाल मारतेस तेव्हाच घर ठीक चाललंय असं वाटतं बघ. मार मला. माझ्यासाठी मार."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वॉर्डात तिने पिशवीतून पानं काढली. आवाज तिने खणखणीत ठेवला. "न्यायाधीश दार सरकवून डेकवर आला."

चष्मेवाल्यांच्या भुवया वर गेल्या. "आला?"

"आला. मध्ये बोलू नका. त्याने टबात पाय सोडला. पाठीमागे फळी करकरली. तो वळला, ओठ हलले, आणि तो कोसळला तो कायमचा."

"शेवटी एकेरीवर आलीस म्हणायची!"

"आले. मेला तो मेला. तो तुम्ही नव्हेच." तिने पानं घडी करून पिशवीत कोंबली.

"अगं, पण मारलं कुणी?"

"ते उद्या. शुद्धीवर या, मग सांगते."

"हा जुलूम झाला!" चष्मेवाले म्हणाले, पण चेहरा खुलला होता.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन लांबतच गेलं. बाहेरच्या बाकावर बसून ती त्या बंद दाराकडे डोळे लावून राहिली. अखेर सर्जन स्वतः बाहेर आले आणि म्हणाले, "झडप छान बसलीय." बऱ्याच वेळाने तिला आत सोडलं. नळ्यांच्या जंजाळात चष्म्याविना तो चेहरा परका वाटत होता. डोळे किलकिले झाले, ओठ हलले. ती वाकली.

"कोण?"

"अहो, मी! ओळखलं नाहीत मला?"

"तू नव्हे गं," ते पुटपुटले. "मारलं कोण?"

मग मात्र तिचा बांध फुटला. "मला काय ठाऊक!" ती रडत रडत म्हणाली. "ठरवलंच नाहीये अजून. तुम्ही परत येईपर्यंत पुढची ओळ लिहायची माझी छाती झाली नाही. घरी चला, दोघं मिळून ठरवू."

चष्मेवाल्यांनी डोळे मिटले. झोपले असं वाटलं, तेवढ्यात पुन्हा ओठ हलले. "माझा डॉक्टरवर संशय आहे."

पलंगाच्या पायथ्याशी कागद तपासत उभे असलेले सर्जन चमकून वर बघायला लागले.

"तुम्हाला नाही हो म्हणत ते!" ती घाईघाईने म्हणाली, आणि नवऱ्याची बोटं घट्ट धरून भर वॉर्डात खदखदून हसली.