बोटभर ओढा

मी एक जुना वाळूचा पट आहे. मित्रांनो, हे ऐकून तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. सोंगट्यांचा पट तुम्हाला ठाऊक असतो, वाळूचा कुणी पाहिलेला नसतो. खाटेएवढी लाकडी चौकट, बोटभर खोल, काठोकाठ वाळूने भरलेली, एवढाच मी. पण लढाईला निघण्याआधी सैनिक माझ्याभोवती उकिडवे बसत. पुढचा मुलूख माझ्यात हुबेहूब उभा केलेला असे. कुठे चढ आहे, कुठे झाडी आहे, शत्रू कुठे दबा धरून बसला आहे, हे सारे माझ्यावर बोट ठेवून सांगितले जाई.

पलटणीच्या सुताराने मला दारूगोळ्याच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्यांपासून बनवले. तो तोंडात खिळे धरून काम करी, त्यामुळे त्याचे निम्मे बोलणे कुणाला कळतच नसे. शेवटचा खिळा ठोकून तोंड मोकळे झाल्यावर तो म्हणाला, "आजवर गोळे वाहिलेस, आता डोंगर वाहा." मग कुणाच्या बोटात कुसळ जायला नको म्हणून त्याने माझे चारही कोपरे काचकागदाने घासून गोल केले.

माझे नशीब उघडले ते मात्र कुंभाराच्या हाती. तो साधा शिपाई होता, पण त्याचे वडील मडकी घडवत, म्हणून सगळे त्याला कुंभारच म्हणत. तो वाळू जेमतेम ओली करी आणि बाळाच्या टाळूवरून फिरवावा तितका हलका हात तिच्यावरून फिरवी. हा हा म्हणता टेकड्या उभ्या राहत. हिरव्या भुशाची झाडी, निळ्या लोकरीची नदी, काडेपेट्यांच्या गाड्या, आणि जवान म्हणजे सदऱ्याची पांढरी बटणे. एक बटण म्हणजे दहा जण.

त्याचा जिवाभावाचा मित्र होता गवई. सतत बेसूर गायचा, म्हणून हे नाव.

"कुंभारा, तुझा डोंगर एकदा भट्टीत घाल की," तो चिडवायचा. "भाजला की पक्का होईल."

"आधी तुझा गळा घालू," कुंभार मान वर न करता म्हणायचा. "तोच कच्चा राहिलाय."

येणारे-जाणारे अधिकारी माझ्यापाशी थबकत. "काय देखणा पट आहे!" म्हणत. मित्रांनो, स्तुती लाकडालाही चढते. पुढे पुढे तर मला माझ्यावर एक ओरखडाही खपेना.

पलटणीचे प्रमुख होते मोठे साहेब. ते वाईट नव्हते, हे मुद्दाम सांगतो. कुणाला ताप आला की ते स्वतः कपाळाला हात लावून पाहत. प्रत्येक जवानाच्या लेकरांची नावे त्यांना तोंडपाठ होती. चार दिवस खपून त्यांनी एक बेत आखला होता. पहाटे गाड्यांत बसून समोरचे मोकळे माळरान एका दमात ओलांडायचे आणि पलीकडची टेकडी घ्यायची. तो बेत पाहायला वरचे अधिकारी दुपारी दोन वाजता येणार होते.

दीडच्या सुमारास कुंभार टेहळणीवरून परतला. गुडघे मातीने भरलेले, पोटात अन्नाचा कण नाही. तसाच तो माझ्यापाशी बसला आणि माझ्या गुळगुळीत माळावर त्याने करंगळीने या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. मला ती मुळीच आवडली नाही.

"हे काय?" साहेबांनी विचारले.

"ओढा आहे साहेब. कोरडा. गवतानं झाकलाय, लांबून दिसत नाही. पण काठ उभे कापल्यासारखे आहेत."

"नकाशात नाही."

"नकाशात नाही साहेब, पण मी त्यात उतरलो होतो."

"झोपेत उतरला असशील," मागून कोणीतरी म्हणाले आणि तंबूत हशा पिकला.

साहेबांनी घड्याळ पाहिले. ओढा खरा मानला, तर चार दिवसांचा बेत मोडत होता, आणि पाहुणे तर दारात येऊन ठेपले होते. "असेल एखादी खाच. गाड्या जातील त्यावरून," ते म्हणाले आणि त्यांनी माळावरून तळहात फिरवला. रेघ गेली.

"जी साहेब," कुंभार एवढेच म्हणाला.

आणि मी? मला बरे वाटले. मित्रांनो, हे मी आजवर कुणाला सांगितले नाही. ओली वाळू खूण धरून ठेवते. मनात आणले असते, तर पुसटशी घळ मी राखू शकलो असतो. पण मला देखणे दिसायचे होते. दोन वाजता अधिकारी म्हणाले, "वा! आरशासारखं स्वच्छ!" आणि मी फुशारलो.

दुसऱ्या दिवशी झुंजुमुंजू झाले. साहेब तंबूत माझ्या काठावर हात ठेवून उभे होते. वायरलेसवर आवाज आला, गाड्या निघाल्या. थोड्या वेळाने तोच आवाज फाटला. "पुढच्या गाड्या अडकल्या! ओढा आहे साहेब, ओढा!" आणि मग गोळ्यांचा कडकडाट. साहेब माझा काठ सोडून वायरलेसकडे धावले.

चौदा जण परतले नाहीत. त्यांत गवई होता.

कुंभार परतला. तंबूत येऊन तो माझ्याकडे बघत राहिला. मग माळावरचे एक बटण उचलून त्याने सदऱ्याला पुसले आणि खिशात टाकले. कुणी त्याला हटकले नाही.

रीतसर चौकशी झाली. 'ओढा नकाशात नव्हता' असे कागदावर आले. ते खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते. कुंभाराला कुणी विचारले नाही, आणि साहेब बोलले नाहीत.

पुढे भिंतीवर उजेडाने नकाशे दाखवणारी यंत्रे आली आणि मी गोदामात गेलो. वाळू सुकली, उंदरांनी बिळे केली. मला जळणात काढायची वेळ आली, तेव्हा निवृत्त झालेले साहेब मला घरी घेऊन गेले. घरच्यांना वाटले, नातीला खेळायला आणला. ती खेळायचीही. पण साहेब रोज सकाळी माझ्यापाशी बसत, हात पुढे करत आणि वाळूला न शिवताच मागे घेत.

एके दुपारी कुंभार आला. साहेबांनीच पत्र घालून बोलावले होते. केस पार पिकलेले. त्याने माझ्या गोल कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "सुतारानं काम चोख केलं होतं," तो म्हणाला.

"तू दुसऱ्यांदा का नाही रे बोललास?" साहेबांनी विचारले.

"साहेब, तुम्ही पहिल्यांदाच कुठं ऐकलंत?" कुंभार शांतपणे म्हणाला. मग पुढे म्हणाला, "पण बोलायला हवं होतं. गवयाच्या आईपुढं उभा राहिलो, तेव्हा कळलं."

"मी तर चौकशीतही बोललो नाही. नकाशाच्या आड लपलो." साहेबांनी तांब्यातले पाणी माझ्यावर शिंपडले. "दाखव. कुठं होता?"

कुंभाराने तीच रेघ ओढली.

"किती खोल होता?"

तीन शब्द, मित्रांनो! त्या दुपारी विचारले असते, तर पाव मिनिटही लागले नसते.

कुंभाराने करंगळी वाळूत रोवली. ती खाली खाली जात माझ्या फळीला टेकली. "एवढा. मी आत उभा राहिलो, तर डोकं वर दिसत नव्हतं." मग त्याने खिशातून ते बटण काढले आणि ओढ्याच्या अलीकडच्या काठावर ठेवले.

"आजोबा, वाळू विस्कटली. सारखी करू?" नातीने हात पुढे केला.

"नको गं बाळ," दोघे एकदमच म्हणाले.

आता ते दोघेही नाहीत. नात मोठी झाली आहे. बटण अजून काठावर आहे. वाळू सुकून रेघ बुजू लागली, की ती पाणी शिंपडते आणि रेघ पुन्हा ओढते. तुम्ही कधी आलात, तर तुम्हीही ओंजळभर शिंपडा. माझे एवढेच मागणे आहे.

आणि तुमच्या एखाद्या देखण्या बेतावर कुणी रेघ ओढली, तर पुसण्याआधी विचारा, किती खोल आहे? रेघ ओढणारे तुम्ही असाल, तर दुसऱ्यांदा बोला. तिसऱ्यांदाही बोला. मला तेव्हा बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.