मसाटच्या खोलीतला डेस्कटॉप

मसाटच्या सूत कारखान्यात रोलरमध्ये सापडून जयाचा उजवा पंजा गेला, त्याला आता वर्ष होत आलं होतं. जखम भरली. डाव्या हाताने भाकरी थापायलाही ती शिकली. पण दुपारी भांडीकुंडी उरकली, की खोली तिला खायला उठायची. लग्नाआधी धुळ्याला तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता, दोन्ही हातांनी झरझर मराठी टाइप करायची. ती आठवणही आता नकोशी वाटायची.

तिचा नवरा भिका खडोलीच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा. एका शनिवारी सुट्टी झाल्यावर तो तिथल्या मेंटेनन्सच्या प्रमोद साहेबांना घरी घेऊन आला. साहेब नाशिकचे, स्वभावाने मोकळे. चहा होईस्तोवर त्यांनी पिशवीतून पत्त्यांच्या कॅटाएवढा एक हिरवा बोर्ड काढून जयाच्या पुढ्यात ठेवला.

"वहिनी, लाइनवर प्रॉडक्शनचे आकडे दाखवणारा फलक होता ना, तो मोडीत काढला. त्याच्या पोटात हे निघालं. अख्खा कॉम्प्युटर आहे हा. टीव्हीला जोडायचा, हा जुना की-बोर्ड आणि माउस लावायचा, झालं. कंपनीला विचारूनच आणलाय."

"मला काय उपयोग साहेब?" पदराखाली हात लपवत जया म्हणाली.

"ते तुम्ही बघा. मी फक्त सिस्टिम चढवून देतो."

साहेबांनी आपल्या लॅपटॉपवर एका मेमरी कार्डात लिनक्स नावाची सिस्टिम भरली, कार्ड बोर्डात सरकवलं आणि भिकाच्या मोबाइलचा चार्जर जोडला. टीव्हीवर काळ्या पडद्यावरून पांढरी अक्षरं पळू लागली आणि एका ओळीपाशी येऊन थांबली.

"चित्रं नाहीत का? खिडक्या, मेनू?" जयाने विचारलं.

"त्याला डेस्कटॉप म्हणतात. तो इंटरनेटवरून उतरवावा लागतो. हुकूम मी फोनवर सांगेन, तुम्ही टाइप करा. मला आता नाशिकची गाडी गाठायचीय." आणि साहेब गेले.

रविवारी भिकाला सुट्टी होती. तो खाटेवर लवंडला आणि जया जमिनीवर की-बोर्ड घेऊन बसली. पहिल्याच पायरीला ती अडली. साहेबांनी दिलेला पासवर्ड टाकायला लागली तर पडद्यावर काहीच उमटेना. दोनदा बटणं बडवून तिने हात मागे घेतला.

"की-बोर्डच मेलाय वाटतं."

भिकाने साहेबांना फोन लावून दिला. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "अहो, पासवर्ड दिसत नसतोच. न बघता टाका आणि एंटर दाबा."

तिने तसं केलं आणि मशीनने तिला आत घेतलं. मग साहेब एकेक अक्षर सांगत गेले आणि जया एका बोटाने हुकूम टाइप करत गेली. मोबाइलच्या इंटरनेटवरून डेस्कटॉप उतरू लागला. पडद्याच्या कोपऱ्यात मात्र विजेची पिवळी खूण सारखी चमकत होती. निम्म्याहून जास्त काम झालं असेल, तेवढ्यात पडदा विझला. पुन्हा सुरू केलं तर बोर्ड उठेचना.

"जाऊ दे ना," भिका म्हणाला. "भंगारातलंच ते. कशाला जीव जाळून ऱ्हायली?"

त्याने समजुतीनेच म्हटलं होतं, पण जयाला ते लागलं. "भंगारातलं म्हणूनच सोडणार नाही मी," ती म्हणाली. भिकाने पुन्हा साहेबांना फोन लावला.

साहेबांनी फोनवर ऐकून घेतलं. चार्जर कमी ताकदीचा होता, त्याने दगा दिला आणि अर्धवट लिहिताना कार्ड बिघडलं. जाड वायरचा चार्जर आणायचा आणि कार्ड नव्याने भरायचं.

सोमवारी भिका कामावर गेल्यावर जयाने रिक्षा केली. किलवणी नाक्यापाशी रजनीचं झेरॉक्सचं दुकान होतं. कामगारांचे ऑनलाइन अर्जही ती भरून द्यायची. बाई तलासरीची, मराठीच, पण सगळे तिला गुजराती रीतीने रजनीबेनच म्हणत. जयाने आपलं काम सांगितलं.

"हे मी कधी केलं नाही बाई. तू कर, तो बघ कॉम्प्युटर," रजनीने खुर्ची मोकळी करून दिली.

शनिवारी साहेबांनी केलेलं जयाने नीट पाहिलं होतं. तसंच करत तिने कार्ड भरलं, येताना बाजारातून चार्जर घेतला आणि दुपारी खोलीवर सगळं पुन्हा मांडलं. या वेळी पिवळी खूण आली नाही. साहेबांना फोनवर पुन्हा विचारून तिने हुकूम दिले आणि तिच्या मोबाइलच्या इंटरनेटवरून डेस्कटॉप सावकाश उतरला. बोर्ड बंद होऊन चालू झाला, आणि टीव्हीभर निळा पडदा पसरला. खाली पट्टी, बाजूला कचऱ्याची पेटी. भाषेच्या जागी तिने मराठी निवडली, तसा मेनूही मराठीत बोलायला लागला. माउसने पडद्यावरचा बाण इकडून तिकडे फिरवत ती कितीतरी वेळ नुसती बसून राहिली.

मग तिने लिहायची फाइल उघडली आणि "धुळे" टाइप केलं. पडद्यावर उमटलं, "दुले".

तिला तत्काळ कळलं. ध आणि ळ शिफ्ट धरून निघतात. शिफ्ट धरली तर पलीकडच्या बटणापर्यंत हात पोचत नव्हता. कोपराने शिफ्ट दाबून पाहिली, तर की-बोर्डच सरकला. सगळं केलं आणि इथे येऊन अडलं! जयाचे डोळे भरून आले.

डोळे पुसून ती मेनूतलं एकेक उघडून पाहू लागली, साहेबांना किती वेळा फोन करायचा म्हणून. एका पानावर की-बोर्डच्या सवलती होत्या. त्यातल्या एका ओळीचा अर्थ तिने परत परत वाचून लावला. शिफ्ट दाबून सोडून द्यायची, मशीन ती पुढच्या अक्षरापर्यंत धरून ठेवतं. तिने त्या ओळीपुढे खूण केली. शिफ्ट दाबली, सोडली, मग ध. शिफ्ट दाबली, सोडली, मग ळ. बरोबर उमटलं.

भिका घरी आला तेव्हा चहा झालेला नव्हता. पडद्यावर त्याचं, तिचं, गल्लीतल्या सगळ्यांचं नाव होतं. त्याने चपला काढल्या, स्वतःच चहा ठेवला आणि कप तिच्या डाव्या हाताशी आणून ठेवला.

महिन्याभराने रजनीच्या दुकानातला एक जुना कॉम्प्युटर बंद पडला. तिने जयाला निरोप धाडला, "तुझ्यासारखा बोर्ड मी मागवलाय. बसवून देशील?" जयाने कोणाला न विचारता तो बसवला. त्यावर रजनी म्हणाली, "आता चालवणार पण तूच. मला एकटीला गर्दी आवरत नाही."

पहिल्या सकाळी साक्रीकडचा एक कामगार आला. जयाच्या हाताकडे त्याची नजर गेली आणि तो रजनीच्या टेबलाकडे वळला.

"त्या ताई करतील," रजनी मान वर न करता म्हणाली.

तो अवघडून बसला. जया विचारत गेली, तो सांगत गेला, आणि अर्ज भरत गेला. हळूहळू त्याचं लक्ष तिच्या हातावरून पडद्यावर आलं. "आडनावात काना राहिला ताई," तो म्हणाला. तिने दुरुस्त केलं. कागद छापून आला, त्याने वाचून पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, "माझ्या भावाचाही भरायचाय. उद्या पाठवू?"

"सकाळीच पाठवा," जया म्हणाली, "दुपारी इथे गर्दी असते."