मामाचा पाय हवेत आहे

साहेब, कुलूप तुम्ही लावलंत. शिपायाला पुढे करू नका. किल्ली तुमच्या खिशात आहे.

वाचनालयामागची ती खोली आम्हाला दिलीही तुम्हीच होती. आत मोडक्या खुर्च्या आणि पाली. आम्ही तिघांनी ती झाडली, खिडकीला काळं कापड ठोकलं आणि टेबलावर एक घर उभं केलं: पलंग, खुर्ची, दार, दारापलीकडे रस्ता. त्या घरात आमचा मामा राहतो. वीतभर उंच, आत तार, वर चिंध्या. त्याचा सदरा ताईने बेतला, ती शिवणकाम करते. कॅमेरा आमच्या दोस्ताचा, ढब्बूचा. बाहुल्याला केसभर हलवायचं, फोटो काढायचा, पुन्हा केसभर. ते फोटो भरभर दाखवले की मामा चालतो. खरा मामा प्लंबर. शिडीवरून पडला आणि अंथरुणाला खिळला. तो पुन्हा चालत रस्त्यावर कसा आला, एवढाच आमचा सिनेमा.

तुम्ही पाहणीला आलात तेव्हा आम्ही चहाला गेलो होतो. बाहुला खुर्चीतून अर्धा उठला होता. तेवढ्याला आमचा आख्खा आठवडा गेला होता. तुम्ही त्याला परत नीट बसवलंत. आम्ही आलो तर वर म्हणालात, "पडत होता बिचारा. सावरला." 'हात लावू नये' अशी पाटी होती, पण दाराच्या आतल्या बाजूला. हात लावायची खोड आम्हालाच, म्हणून आमच्यापुरती लावलेली. ती चूक आमची.

तुम्ही गेलात आणि ताई रडकुंडीला आली. "आता पुन्हा पहिल्यापासून!"

"तोच कोन परत सापडतोय होय?" ढब्बू म्हणाला. "गेलं सगळं पाण्यात."

संध्याकाळी खरा मामा काठी टेकत आला.

"अरे वा! बसवलंत का मला?"

"साहेबांनी बसवलं," मी म्हणालो.

"मग तोंडं कशाला पाडलीत, गाढवांनो? मी काय एका दमात उठलो होतो? अर्धा उठलो की तुमची मामी खांदे दाबून खाली बसवायची. 'पडाल!' म्हणायची."

"मग तू काय करायचास?" ताईने विचारलं.

"ती स्वयंपाकघरात गेली की पुन्हा उठायचो."

ढब्बूने कॅमेऱ्याला डोळा लावला. आम्ही आधीचा एकही फोटो टाकून दिला नाही. सिनेमात आता बाहुला अर्धा उठतो, धपकन बसतो, इकडेतिकडे बघतो आणि पुन्हा उठतो. हे आमच्या डोक्यात जन्मात आलं नसतं. त्याबद्दल तुमचे आभार, मनापासून.

पण बाहुला दारापर्यंत पोचला आणि तुम्ही कुलूप घातलंत. म्हणे, "हा पोरखेळ आहे, खोली चांगल्या कामाला लागेल." कुठलं काम? खोली तशीच बंद आहे. विचारायला आलो की तुम्ही "बघू" म्हणता. तिकडे मामा रोज विचारतो, "पोचलो का रे मी रस्त्यावर?" ताई मान खाली घालून शिवणयंत्र चालवत राहते.

आत बाहुला दारात उभा आहे. एक पाय उंबऱ्यावर, दुसरा उचललेला. तो पाय रस्त्याला टेकला की सिनेमा पुरा. तार आम्ही पक्की वळली आहे. तो पडणार नाही, त्याला सावरायचीही गरज नाही. फक्त दार उघडायचं आहे.

आणि 'बघू' हे उत्तर नव्हे. त्याला पाय कधी टेकू देताय, साहेब?